दर्याचं गाव आणि स्टेशनाचं गाव

मंडळी, विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात तर एक गंमत ध्यानात येईल. नकाशात ही गाडी समुद्राला अगदी बिलगून चाललेली दिसते. खिडकीतून मात्र वैतरणेचं रुंद पात्र दिसतं, खाजण दिसतं, भातखाचरं दिसतात. दर्या काही दिसत नाही. तो पश्चिमेला, कुठे दोन-तीन, कुठे दहा-एक किलोमीटरवर असतो. स्टेशनांची नावंच बघा ना : केळवे रोड, डहाणू रोड. या 'रोड' शब्दाचा अर्थ साधा आहे. गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. पालघर आणि बोईसर यांच्या नावापुढे 'रोड' लागलं नाही, पण काम तेच. पालघर हे माहीम, शिरगाव, सातपाटीचं स्टेशन; बोईसर हे तारापूर-चिंचणीचं.

आज या पट्टीतली पुष्कळ माणसं रोज मुंबईला 'अपडाऊन' करतात. पालघर चर्चगेटपासून सुमारे नव्वद किलोमीटर. गाडीतच दोन तासांच्या आसपास जातात. शनिवार-रविवारी केळव्याच्या सुरुबनात येणारा पाहुणा म्हणतो, "काय भाग्यवान लोक! बारा महिने समुद्राकाठी राहतात." खरं आहे. पण बारा महिने राहायचं म्हणजे काय, आणि अशी गावं उभी राहतात ती कशाच्या जोरावर, हे इतिहासाला विचारल्याशिवाय कळायचं नाही.

हजार वर्षं मागे जाऊ. १९५५ साली चिंचणीत काही जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा. त्या वेळी या भागाचा कारभार संयान, म्हणजे आजचं संजाण, येथून चाले आणि कारभारी होता एक अरब अधिकारी. ताम्रपटात त्याला मधुमती म्हटलं आहे. अभ्यासक सांगतात की ते महंमद या नावाचं संस्कृत रूप. या माणसानं लोकांसाठी काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट नाव ठेवली आणि संयानला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. बघा, हजार वर्षांपूर्वीही या किनाऱ्यावरच्या माणसाची पहिली अडचण पलीकडे जायचं कसं हीच होती. शहाणा कारभारी तोच, ज्यानं ती ओळखली.

पुढे ही बंदरं स्वतःच्या वजनावर उभी राहिली. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर येथे पोर्तुगीज काळापासून किल्ले होते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर घेतलं. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा कामी आला. ज्या गावासाठी एवढं रक्त सांडतं ते गाव लहान असेल, पण क्षुल्लक नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच तारापूरच्या विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी या पारशी भावांची पेढी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात सावकारी करीत होती. घर समुद्राकाठी आणि व्यवहार दूर मुलखात, ही रीत काही आजची नव्हे.

मग गाडी आली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली सुरतेकडून मुंबईपर्यंत जोडला गेला. हा रूळ बंदरांना टाळून आतून गेला. या किनाऱ्याला खाड्याच खाड्या; मुखाशी त्या रुंद असतात आणि जरा आत सरकलं की पूल आखूड पडतो. रेल्वेच्या दृष्टीनं ते सोयीचं झालं, पण त्यानं प्रत्येक गावाचे दोन तुकडे केले : एक दर्याचं गाव, एक स्टेशनाचं गाव. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तालुक्याचं नाव माहीम आहे आणि मुख्य ठाणंही माहीमच. पुढे कचेरी उठून पालघरला गेली, मागोमाग तालुक्याचं नावही पालघर झालं. माहीम जिथल्या तिथे राहिलं. सत्ता मात्र नऊ-दहा किलोमीटर पूर्वेला सरकली.

हे अंतर किती महत्त्वाचं होतं ते १४ ऑगस्ट १९४२ या दिवशी दिसलं. 'चले जाव'च्या हाकेला ओ देऊन गावोगावचे लोक पालघरच्या कचेरीवर मोर्चानं आले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले : सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सुकुर गोविंद मोरे आणि पालघरचे रामचंद्र भीमाशंकर तिवारी. पाचांपैकी बहुतेक किनाऱ्याच्या गावांतले. ज्या वाटेनं बाजाराला यायचं, गाडी धरायला यायचं, त्याच वाटेनं ही मंडळी त्या दिवशी कचेरीवर आली. पालघरच्या भर चौकात त्यांचा स्तंभ आहे. गुरुजनहो, मुलांना तो दाखवाल तेव्हा गावांची नावंही वाचून घ्या.

रूळ आत गेला तरी किनारा त्यामुळे मेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. केळवे-माहीमच्या बागायतदारांच्या पानवेलीची पानं रेल्वेनं लांबच्या बाजारांत जाऊ लागली. सातपाटीचं पापलेट बर्फात बसून मुंबईला पोचलं. मासळीची पाटी घेऊन गाडी धरणाऱ्या बायका या मार्गावरच्या अगदी जुन्या पासवाल्या म्हणायच्या. चिंचणी-तारापूर-वरोरच्या बाजूला घरोघर डायमेकिंगचा धंदा रुजला. सोन्याचांदीच्या दागिन्यांवर नक्षी उठवायचे पोलादी डाय इथले कारागीर घरी बसून कोरतात. माल शहरात जातो, माणूस गावात राहतो. हा भेद ध्यानात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

साठीच्या दशकात चक्र उलटं फिरलं. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहिलं आणि १९६९ साली त्याची वीज मिळू लागली. बोईसरला औद्योगिक वसाहत आली. आजवर सकाळी रिकामी येणारी मुंबईकडची गाडी आता कामगारांना घेऊन बोईसरला येऊ लागली. नाना प्रांतांची माणसं इथे स्थायिक झाली, पोरांना कामं मिळाली. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहावी लागते. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ते संच २००५-०६ साली सुरू झाले. कारखान्यांच्या सांडपाण्यानं खाडी आणि किनारा नासला म्हणून मच्छीमारांना न्यायासनाची पायरी चढावी लागली. २०१८ च्या केंद्रीय पाहणीत प्रदूषणाच्या गुणांकात तारापूर देशात सर्वांत वर होतं. असा पहिला नंबर कोणाला हवा आहे?

आता लोकलची गोष्ट. विजेवरची लोकल १९३६ साली विरारला पोचली. तिथून डहाणूपर्यंतचे चौसष्ट किलोमीटर यायला तिला एप्रिल २०१३ उजाडलं, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं लागली. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा झाला. स्टेशनाच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. मुंबईत जागा परवडत नाही, इथे परवडते. हवा बरी, समुद्र जवळ. हे सगळं ठीकच. पण बारा महिने राहणाऱ्याला दोन वेळापत्रकं सांभाळावी लागतात, एक गाडीचं आणि एक भरती-ओहोटीचं. गाडी चुकली तर दुसरी येते, उशिरानं का होईना. आषाढात उधाणाचं पाणी बंधाऱ्यावरून आत येतं आणि विहिरीचं पाणी मचूळ होतं, तेव्हा पास कामाला येत नाही. आणि रात्री शेवटच्या गाडीनं उतरलेल्या बाईला स्टेशनापासून गावापर्यंतचे आठ-दहा किलोमीटर कोण नेणार? एस.टी. गेलेली असते, रिक्षावाला चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही. मधुमतीनं हजार वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न तो हाच!

मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकल थांबल्या. अत्यावश्यक कामाची माणसं सोडली तर सामान्य प्रवाशाला फेब्रुवारी २०२१ पर्यंत दार बंद होतं, आणि तेव्हाही ते ठरावीक वेळांपुरतंच उघडलं. ज्या घराचा सारा संसार एका पासावर चालतो, ते घर किती बारीक दोरीला लटकलेलं असतं हे तेव्हा कळलं. म्हणून सांगणं इतकंच की गाडीनं गावाला आधार मिळतो, पण नुसत्या गाडीवर गाव जगत नाही. दिवसा रिकामं आणि रात्री झोपायला भरणारं, ते गाव कसलं? ती धर्मशाळा. गाव जगतं ते दिवसा तिथे काम करणाऱ्यांवर : होडीवाल्यावर, बागायतदारावर, डाय कोरणाऱ्यावर, शिक्षकावर, दुकानदारावर.

आणि नेमकी तीच माणसं आज काळजीत आहेत. पापलेट कमी झालं. पिल्लं धरू नयेत, मासा टिकावा, म्हणून २०२३ साली त्याला राज्यमासा जाहीर करावं लागलं. चिंचणीच्या उत्तरेला वाढवण येथे मोठ्या बंदराला २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्याच ऑगस्टात पालघरला पायाभरणीचा समारंभ झाला. कोणाला त्यात रोजगार दिसतो, तर मच्छीमाराला आपलं मासेमारीचं पाणी जाताना दिसतं. दोघांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. मात्र एक कसोटी इतिहासानं आपल्या हाती दिली आहे. १८६४ चा रूळ आला तेव्हा तो कुठून जावा हे माहीमच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं. नवं काही येईल तेव्हा दर्याच्या गावाला आधी विचारलं का, आणि त्याचं दिवसाचं काम शाबूत राहतं का, एवढं पाहावं.

गुरुजनहो, एक छोटं काम सुचवतो. वर्गातल्या मुलांना गावाचा नकाशा काढायला सांगा. सकाळी सात वाजता घरातलं कोण कुठे जातं ते त्यावर बाणांनी दाखवू द्या : किती बाण स्टेशनाकडे, किती दर्याकडे, किती बागेकडे, किती घरातल्या घरात. नकाशा भिंतीवर लावा आणि पाच वर्षांनी नव्या मुलांकडून पुन्हा काढून घ्या. दोन्ही शेजारी टांगले की आपलं गाव कुठल्या बाजूला कलतं आहे ते पोरंच तुम्हांला सांगतील.