आगाऊ वर्गणी आणि लेखकाचा शब्द

इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवण्याची पद्धत, म्हणजेच क्राउडफंडिंग, ही संगणकयुगाची निर्मिती आहे असे सर्रास मानले जाते. किकस्टार्टर हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित संकेतस्थळ २००९ साली सुरू झाले, हे खरे. परंतु अद्याप अस्तित्वातच नसलेल्या वस्तूसाठी अनोळखी माणसांकडून आगाऊ पैसे घ्यावेत ही कल्पना ग्रंथव्यवहाराला तीन शतकांहून अधिक काळ ठाऊक आहे. अशा व्यवहारातला विश्वास कशाच्या आधारावर उभा असतो आणि फसवणूक नेमकी कोठे सुरू होते, हे प्रश्नही तितकेच जुने आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी आम्ही येथे दोन इंग्रज ग्रंथकारांचे व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये वर्गणीदारांच्या बळावर मोठे ग्रंथ काढण्याची प्रथा रुळली. जेकब टॉन्सन या ग्रंथविक्रेत्याने १६९७ साली ड्रायडनकृत व्हर्जिलचा अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा पाच गिनी देणाऱ्या पहिल्या श्रेणीतील १०१ वर्गणीदारांची नावे आणि कुलचिन्हे ग्रंथातील चित्रांखाली एकेक करून छापली. कमी रक्कम देणाऱ्यांना केवळ यादीत स्थान मिळाले. आजच्या मोहिमांत रकमेच्या पायऱ्या आणि पायरीगणिक वेगळी भेट अशी जी रचना आढळते, तिचे मूळ रूप ते हेच.

छापील यादीचे काम केवळ मानपानापुरते नव्हते. यादीतील प्रत्येक नाव हे त्या व्यवहाराचा साक्षीदार होते. अमुक सरदाराने, तमुक बिशपाने पैसे दिले आहेत हे कळले, की त्यांच्याहून लहान माणसाला धीर येई. आणि इतक्या थोरामोठ्यांना दिलेला शब्द मोडणे ग्रंथकारालाही अवघड जाई. अलेक्झांडर पोप यांच्या ‘इलियड’च्या अनुवादाला (१७१५ ते १७२०, सहा खंड, एकूण सहा गिनी) ५७५ वर्गणीदार मिळाले आणि त्यांनी ६५४ संच घेतले. या अनुवादातून पोप यांना सुमारे पाच हजार पौंड मिळाले. राजदरबाराच्या वा एखाद्या धनिकाच्या आश्रयावाचून लेखक स्वतंत्रपणे जगू शकतो हे त्यांनी दाखवून दिले, असे साहित्येतिहासकार सांगतात, आणि ते योग्यच आहे.

पुढच्या अनुवादाची हकीकत मात्र इतकी निर्मळ नाही. ‘ओडिसी’ (१७२५–२६) पोप यांच्या नावावर निघाली. आपल्याला दोघा मित्रांचे साहाय्य आहे, हे त्यांनी जाहीर केले होते. परंतु त्या साहाय्याचे माप सांगितले नव्हते. चोवीस सर्गांपैकी बारा पोप यांनी केले होते, आठ विल्यम ब्रूम यांनी आणि चार एलिजा फेंटन यांनी. ग्रंथाच्या अखेरीस ब्रूम यांच्या सहीने जी टीप आली, तीत मात्र ब्रूम यांचे तीन आणि फेंटन यांचे दोनच सर्ग सांगितले गेले. ती टीप पोप यांच्याच आग्रहावरून लिहिली गेली होती. वर्गणीदारांनी ज्या नावासाठी पैसे मोजले, त्या नावाचा वाटा प्रत्यक्षात निम्माच होता.

आता दुसरा व्यवहार पाहू. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५६ साली शेक्सपियरच्या नाटकांच्या नव्या आवृत्तीचे जाहीर पत्रक काढले. वर्गणी दोन गिनी; त्यांतील एक आगाऊ, दुसरी ग्रंथ हाती आल्यावर. ग्रंथ १७५७च्या नाताळापर्यंत देण्याचे कबूल केले होते. तो नाताळ गेला, त्यानंतरचे सात नाताळ गेले. चार्ल्स चर्चिल या कवीने १७६२ साली ‘द घोस्ट’ या उपहासकाव्यात, वर्गणी घेऊन ग्रंथाचे नाव न काढणारा माणूस म्हणून जॉन्सन यांची उघड टर उडवली. अखेर १७६५च्या ऑक्टोबरात आठ खंड बाहेर पडले. त्यांत वर्गणीदारांची यादी नव्हती. बॉस्वेलने दिलेल्या माहितीप्रमाणे, यादीविषयी विचारले असता जॉन्सन यांनी मोकळेपणाने सांगितले, की नावे हरवली आहेत आणि पैसे खर्च झाले आहेत.

आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर पोप निर्दोष आणि जॉन्सन अपराधी ठरतात. पहिल्याने माल दिला. दुसऱ्याने आठ वर्षे विलंब केला, हिशेब ठेवला नाही, यादीही गमावली. तरीसुद्धा आमच्या मते विश्वासघात म्हणावा असे कृत्य पोप यांचे आहे. जॉन्सन यांच्या आळसाबद्दल, हलाखीबद्दल कोणालाही भ्रम नव्हता. आणि जे काम त्यांनी दिले ते त्यांचे स्वतःचे होते. त्या आवृत्तीची प्रस्तावना आजही अभ्यासक्रमांत वाचली जाते. पोप यांनी वस्तू दिली, पण वस्तूविषयीचे सत्य दिले नाही. जॉन्सन यांना निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. ग्रंथ पाहण्याआधीच निवर्तलेल्या वर्गणीदाराला त्या प्रस्तावनेचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच.

हाच भेद इंटरनेटवरील मोहिमांना लावून पाहावा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरच्या सत्तेचाळीस हजारांहून अधिक आश्रयदात्यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिली नाही असे आढळले. विलंबाचे प्रमाण याहून पुष्कळ मोठे आहे. म्हणजे जॉन्सन यांचे वंशज विपुल आहेत, आणि बहुसंख्य आश्रयदाते त्यांना सांभाळून घेतात.

कायद्यानेही हीच रेघ ओढलेली दिसते. २०१२ साली किकस्टार्टरवर ‘द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी’ या बैठ्या खेळासाठी १,२४६ लोकांनी एक लाख बावीस हजारांहून अधिक डॉलर दिले. मागणी होती पस्तीस हजारांची. पुढच्याच वर्षी मोहीम चालवणाऱ्याने खेळ रद्द झाल्याचे कळवले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ साली क्राउडफंडिंगविषयीची आपली पहिली कारवाई केली ती याच प्रकरणात. आयोगाचा आक्षेप केवळ प्रकल्प फसल्यावर नव्हता. लोकांचे पैसे घरभाडे, स्थलांतर, भलत्याच प्रकल्पाचे परवाने यांवर गेले आणि देणाऱ्यांना मात्र काम प्रगतीपथावर आहे असे सांगितले गेले, यावर होता. प्रकल्प फसणे आणि फसवणे यांतले अंतर येथे स्पष्ट दिसते.

एक गोष्ट मात्र अठराव्या शतकाहून खरोखर वेगळी आहे. टॉन्सन हा रस्त्यावर दुकान मांडून बसलेला ग्रंथविक्रेता होता; त्याची स्वतःची पत पणाला लागे. किकस्टार्टरसारखे संकेतस्थळ यशस्वी मोहिमेच्या रकमेतून ५ टक्के घेते, पण करार देणारा आणि घेणारा यांच्यातला आहे, आपण दुकान नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. साक्षीदारांच्या यादीच्या जागीही मुख्यतः आकडा आला. इतक्या हजारांनी पैसे दिले हे पाहून पुढचा पैसे देतो. पण ते हजार कोण, आणि त्यांनी काय पारखून पाहिले, हे त्याला कळत नाही.

यादी परत आणली तरी प्रश्न सुटत नाही. लंडनच्या अनबाउंड या प्रकाशनसंस्थेने २०११ पासून वाचकांच्या आगाऊ पैशांवर पुस्तके काढली आणि प्रत्येक पुस्तकात आश्रयदात्यांची नावे छापली. तिने काढलेली पॉल किंग्जनॉर्थ यांची ‘द वेक’ ही कादंबरी २०१४ साली बुकरच्या प्राथमिक यादीत पोहोचली. २०२५च्या मार्चमध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. लेखकांचे मानधन थकले होते आणि पैसे भरलेले वाचक पुस्तकांची वाट पाहत होते. येथे कोणी लबाडी केली असे आमचे म्हणणे नाही. मात्र नावे छापणारी संस्था आपल्या व्यवहाराची स्थिती त्या नावांच्या धन्यांना वेळेवर कळवतेच असे नाही, हे यातून दिसते.

मराठी अभ्यासकाला येथे श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानकोशासारखे अवाढव्य काम त्यांनी मर्यादित कंपनी काढून, लोकांच्या पैशांवर उभे केले. आणि काम पार पडत आले तेव्हा ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात (१९२७) ज्ञानकोश मंडळाचा इतिहास स्वतः लिहून लोकांपुढे ठेवला. पोप यांनी जे झाकले आणि जॉन्सन यांनी जे हरवले, ते येथे ग्रंथकाराने आपणहून सांगितले.

एकोणिसाव्या शतकातील कित्येक मराठी पुस्तकांच्या आरंभी वा अखेरीस आश्रयदात्यांच्या याद्या असतात, आणि आपण त्या उलटून पुढे जातो. त्या वाचायला हव्यात. कोणी कोणाच्या भरवशावर किती पैसे दिले, आणि त्या भरवशाचे पुढे काय झाले, हा वाङ्मयेतिहासाचा असा भाग आहे की जो आपल्याकडे अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही.