एक ग्रॅम दगडाची गोष्ट

शाळेची सहल पांडवलेण्यांवर गेली की आपण मुलांना शिलालेख दाखवतो, सातवाहन आणि क्षत्रप राजांची नावे सांगतो. ज्या दगडात ही लेणी कोरली आहेत, त्या दगडाविषयी मात्र फारसे बोलत नाही. तो आहे बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. त्रिरश्मी डोंगर, ब्रह्मगिरी, अंजनेरी, सह्याद्रीचा मोठा भाग याच थरांचा बनलेला आहे.

पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो, तोही बेसॉल्टचाच आहे! या सशामुळेच संस्कृतात चंद्राला शशांक असे नाव पडले. गंमत म्हणजे चिनी लोकांनाही चंद्रावर ससाच दिसतो. त्यांच्या कथेत चांग-अ नावाची देवी चंद्रावर राहते आणि तिच्यापाशी एक हिरवट रत्नासारखा ससा असतो. चीनने आपल्या चांद्रयानांना या देवीचे नाव दिले आणि पहिल्या बग्गीला सशाचे, युतू. या मोहिमांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्याची सुरुवात अग्निबाणापासून होत नाही, एका दगडाच्या तुकड्यापासून होते.

डाग कशाचे?

दुर्बिणीतून चंद्र पाहणाऱ्या जुन्या निरीक्षकांनी त्यावरील काळसर सपाट भागांना ‘सागर’ म्हटले. तेथे पाणी नाही हे पुढे कळले, पण ते भाग कशाचे आहेत याची खात्री दगड हाती आल्याशिवाय होणार नव्हती. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी सहा ठिकाणांहून सुमारे ३८२ किलो दगडमाती आणली. सोव्हिएत रशियाच्या लूना मालिकेतील तीन मानवरहित यानांनी १९७०, १९७२ आणि १९७६ साली मिळून साधारण तीनशे ग्रॅम माती आणली. सागरांतला दगड बेसॉल्ट निघाला. चंद्रावर उल्कापातांनी मोठमोठे खळगे झाले होते आणि नंतर त्यांत आतला लाव्हारस भरून आला होता. उजळ दिसणारा डोंगराळ भाग मात्र अ‍ॅनॉर्थोसाइट या फिकट खडकाचा आहे. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी ‘इस्रो’ने चंद्रावरच्यासारखी माती तयार केली, ती तमिळनाडूतील नामक्कल भागातल्या अशाच खडकापासून.

मग नाशिकचा दगड आणि चंद्रावरचा दगड एकच का? प्रकार एक, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे खाणीत दगड फोडला की पोकळ्यांमध्ये पांढरे, हिरवट, चकचकीत स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडून ठेवले आहेत. त्यांतले बरेचसे झिओलाइट गटातील आहेत. थिजलेल्या लाव्ह्यातून पाणी झिरपत राहिले, म्हणून ते तयार झाले. अपोलोच्या बेसॉल्टमध्ये अशी पाण्याची कामगिरी दिसत नाही. तो दगड जवळजवळ कोरडा आहे.

मुंबईत आलेला चंद्र

अपोलोचे नमुने अमेरिकेने निरनिराळ्या देशांतील संशोधकांना अभ्यासासाठी दिले. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. तेथे देवेंद्र लाल यांच्या गटात नरेंद्र भंडारी, ताम्हणे, वेंकटवरदन आदी संशोधक काम करीत. विश्वकिरणांतील जड कण खनिजाच्या स्फटिकातून जातात तेव्हा मागे अतिसूक्ष्म इजा ठेवतात. रसायनाने ती जागा कोरली की सूक्ष्मदर्शकाखाली रेघ दिसते. अशा रेघा मोजून एखादा दगड चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडून होता हे सांगता येते. या गटाचे निबंध १९७१ सालच्या दुसऱ्या चांद्रविज्ञान परिषदेच्या वृत्तांतात छापले गेले. वेंकटवरदन पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या हाताखाली घडलेले जितेंद्रनाथ गोस्वामी २००८ च्या चांद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

थोडक्यात, १९७१ साली चंद्राचा दगड मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली होता आणि चीनकडे एक कणही नव्हता.

अर्धा ग्रॅम

चीनला तो मिळाला १९७८ मध्ये. अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की त्या वर्षी चीनला गेले, तेव्हा त्यांनी भेट म्हणून चंद्रावरील दगडाचा एक तुकडा नेला. वजन सुमारे एक ग्रॅम! त्यातला अर्धा भाग लोकांना पाहण्यासाठी बीजिंगच्या तारांगणात ठेवला आणि उरलेला अर्धा ग्रॅम ओउयांग झीयुआन या भूरसायनशास्त्रज्ञाकडे अभ्यासासाठी आला. १९७६ च्या मार्चमध्ये चीनमधील जीलिन येथे पडलेल्या प्रचंड अशनीचा अभ्यास त्यांनी केला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत गुजरातेत धजाला येथे अशनी पडला होता आणि अहमदाबादची प्रयोगशाळा त्याच्या अभ्यासात गुंतली होती. दोन्ही देशांतले लोक एकाच वाटेने, आकाशातून पडलेल्या दगडांकडून चंद्राकडे निघाले होते, असे म्हणता येईल.

तुकडा कोणत्या मोहिमेतला हे चिनी शास्त्रज्ञांना सांगितलेले नव्हते. रासायनिक घटकांवरून तो अपोलो-१७ चा असल्याचे त्यांनी ओळखले. परंतु अर्धा ग्रॅम किती दिवस पुरणार? आपला नमुना आपणच आणला पाहिजे, हा विचार ओउयांग यांनी १९९० च्या दशकात सातत्याने मांडला. अखेर जानेवारी २००४ मध्ये चीन सरकारने चांद्र कार्यक्रमास मंजुरी दिली आणि ओउयांग त्याचे पहिले प्रमुख शास्त्रज्ञ झाले.

फिरा, उतरा, परत या

कार्यक्रमाच्या तीन पायऱ्या आधीच ठरल्या होत्या : चंद्राभोवती फिरणे, चंद्रावर उतरणे आणि नमुना घेऊन परतणे. पुढची पायरी चढण्यापूर्वी आधीची पक्की करायची.

पहिली पायरी म्हणजे ऑक्टोबर २००७ मध्ये निघालेले चांग-अ-१. त्याने चंद्राचा नकाशा तयार केला. २०१० मध्ये निघालेल्या चांग-अ-२ ने तो अधिक बारकाईने काढला. काम संपल्यावर हे यान आणखी दूर पाठवले गेले आणि डिसेंबर २०१२ मध्ये ते टाउटाटिस या लघुग्रहाजवळून गेले. दुसरी पायरी १४ डिसेंबर २०१३ रोजी गाठली. चांग-अ-३ अलगद उतरले. १९७६ च्या लूना-२४ नंतर चंद्रावर असे कोणीच उतरले नव्हते.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. युतू बग्गी दुसऱ्याच चांद्रदिवसात जागच्या जागी अडकली. चीनचे पहिले मंगळयान रशियाच्या यानावर स्वार होते. ते २०११ मध्ये पृथ्वीच्या कक्षेबाहेर पडूच शकले नाही. जुलै २०१७ मध्ये ‘लाँग मार्च-५’ हा मोठा अग्निबाण अपयशी ठरला आणि त्यावर अवलंबून असलेली नमुना आणण्याची मोहीम तीन वर्षे लांबली. दरम्यान चांग-अ-३ साठी राखीव म्हणून बांधलेले जोडयान तयार होते. ते पडून राहू न देता त्यालाच चांग-अ-४ करून अधिक अवघड काम दिले. ३ जानेवारी २०१९ रोजी ते चंद्राच्या पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूवर उतरले. तेथून पृथ्वीशी थेट संपर्क होत नाही, म्हणून संदेश पोचवणारा एक उपग्रह आधीच पाठवून ठेवला होता.

तिसरी पायरी चांग-अ-५ ची. २४ नोव्हेंबर २०२० रोजी निघालेले हे यान १ डिसेंबरला ‘वादळांच्या महासागरा’त उतरले. त्याने जमिनीत छिद्र पाडून आणि यांत्रिक हाताने उचलून माती घेतली. ३ डिसेंबरला त्याचा वरचा भाग उडाला आणि चंद्राभोवती फिरत असलेल्या दुसऱ्या भागाला आपोआप जोडला गेला. चंद्राच्या कक्षेत मानवाशिवाय झालेली ही पहिली जोडणी होती. १७ डिसेंबरला इनर मंगोलियात कुपी उतरली. आत १,७३१ ग्रॅम दगडमाती होती. अर्ध्या ग्रॅमवर काम सुरू झाल्याला ४२ वर्षे झाली होती.

चंद्राचे घड्याळ

अमेरिकेने ३८२ किलो आणले असताना या पावणेदोन किलोंचे एवढे महत्त्व का? येथे वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. परातीत रांगोळीचा जाड थर पसरा आणि त्यावर सगळीकडे सारखे पडतील असे वीस खडे उंचावरून टाका. खडे अलगद उचलून घ्या. आता अर्ध्या परातीवर नवा थर पसरून जुने खड्डे बुजवा आणि पुन्हा वीस खडे टाका. खड्डे मोजा. जुन्या अर्ध्या भागात नव्याच्या साधारण दुप्पट खड्डे दिसतील. चंद्रावर नवा थर म्हणजे लाव्हा आणि खडे म्हणजे उल्का. जेथे विवरे जास्त, तो पृष्ठभाग जुना.

यावरून कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळते, पण किती वर्षांचा हे कळत नाही. त्यासाठी दगड हवा. दगडातल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत असते. दोहोंचे प्रमाण मोजले की वय निघते. अडचण अशी होती की अपोलो आणि लूना यांनी आणलेले बेसॉल्ट सारे ३०० कोटी वर्षांहून जुने होते. दुसऱ्या टोकाला १०० कोटींपेक्षा तरुण अशा काही विवरांची वये ठाऊक होती. मधली २०० कोटी वर्षे कोरी होती. बुध आणि मंगळ यांच्या पृष्ठभागांची वयेही याच घड्याळावर बेतलेली असल्यामुळे ही उणीव सगळीकडे पसरली होती.

चांग-अ-५ जाणीवपूर्वक कमी विवरांच्या भागात उतरवले होते. त्या भागाच्या वयाचे अंदाज १०० कोटींपासून ३०० कोटींपर्यंत होते. २०२१ मध्ये मोजणी प्रसिद्ध झाली : सुमारे २०३ कोटी वर्षे. कोऱ्या जागी एक पक्की खूण पडली. पण त्याचबरोबर नवा पेच निर्माण झाला. चंद्र लहान आहे, तो लवकर थंड व्हायला हवा. मग इतक्या उशिरा त्याच्या पोटात दगड वितळवणारी उष्णता कोठून आली? किरणोत्सारी द्रव्ये किंवा पाणी तेथे जास्त असेल, असे वाटत होते. नमुन्यात तसे आढळले नाही. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

चांग-अ-६ ने २५ जून २०२४ रोजी पलीकडच्या बाजूची १,९३५.३ ग्रॅम दगडमाती आणली. त्या बाजूची ही जगातली पहिलीच. तेथे ‘सागर’ फारच थोडे आहेत. तरीही तेथला बेसॉल्ट सुमारे २८० कोटी वर्षांचा निघाला, म्हणजे लाव्हा त्या बाजूलाही उशिरापर्यंत वाहत होता.

पुढचे बेत

मे २०२१ मध्ये चीनचे तिएनवेन-१ मंगळावर बग्गी उतरवण्यात यशस्वी झाले. मे २०२५ मध्ये निघालेले तिएनवेन-२ पृथ्वीजवळच्या कामोओआलेवा या लघुग्रहाचा नमुना आणण्यासाठी आहे. मंगळाची माती आणण्यासाठी तिएनवेन-३ आणि गुरूकडे जाण्यासाठी तिएनवेन-४ आखलेले आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ शोधण्यासाठी चांग-अ-७, त्यानंतर चांग-अ-८, २०३० पूर्वी मानव उतरवणे आणि २०३५ च्या सुमारास इतर देशांच्या साथीने संशोधन केंद्र, असा क्रम जाहीर झालेला आहे. वाट तीच आहे : फिरा, उतरा, परत या.

भारतानेही पहिल्या दोन पायऱ्या पार केल्या आहेत. चांद्रयान-१ मुळे चंद्रावरील पाण्याचा पुरावा मिळाला. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम कोसळले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ अलगद उतरले. नमुना आणणाऱ्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यासाठी लागणारी जोडणीची कला जानेवारी २०२५ मध्ये पृथ्वीच्या कक्षेत दोन लहान उपग्रह जोडून आजमावण्यात आली.

हे स्वतः करण्याची गरज का आहे, याचे उत्तरही दगडाच्या वाटपात मिळते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चांग-अ-५ चे नमुने अभ्यासासाठी सहा देशांतील सात संस्थांना देण्याचे जाहीर केले : फ्रान्स, जर्मनी, जपान, पाकिस्तान, ब्रिटन आणि अमेरिका. त्या यादीत भारतातील संस्था नव्हती. ज्या देशाच्या प्रयोगशाळेत १९७१ मध्ये चंद्राचा दगड होता, तो देश २०२५ मध्ये यादीबाहेर होता. यावर हळहळण्यापेक्षा १९७८ ची आठवण ठेवावी हे बरे. भेट मिळालेल्या अर्ध्या ग्रॅमवर चीन थांबला असता, तर चंद्राच्या घड्याळातली ती कोरी जागा कदाचित अजूनही कोरीच राहिली असती.

पुढच्या खेपेला सहल पांडवलेण्यांवर जाईल तेव्हा पायथ्याला पडलेला काळ्या दगडाचा एक तुकडा मुलांच्या हाती द्या आणि भिंगातून पाहायला सांगा. बारीक काळे-करडे कण दिसतील, क्वचित पांढरा ठिपका. मग विचारा : हा दगड चंद्रावरचा नाही हे तुम्ही कशावरून ओळखाल? ओउयांग यांच्यापुढेही दगड ओळखण्याचाच प्रश्न होता आणि त्यांच्या हातात अर्धाच ग्रॅम होता. मुलांच्या हातात तर चांगला मूठभर दगड आहे.