झुंज, ग्वाल्हेर आणि आमचे बक्षी

ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आषाढातले दिवस, नेहमीप्रमाणे वीज गेलेली, आणि मी कंदिलाच्या उजेडात यशवंतराव होळकराबरोबर घोड्यावर! एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात त्याच्या भावाला, विठोजीला, हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतरावाने हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. तिथवर पोचेस्तोवर वाचक पुरता होळकरी झालेला असतो. मी तर झालोच. दौलतराव शिंदे आणि त्याचा सासरा सर्जेराव घाटगे ही नावे घरात कुणी काढली असती तर मी जेवणावरून उठलो असतो.

इनामदारांची खुबीच ती. इतिहासाने ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्याचे वकीलपत्र घ्यायचे. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’त दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’त तर खुद्द औरंगजेब. पण चांगल्या वकिलाचे भाषण ऐकताना एक होते, समोरच्या बाजूला कोण कोण बसले आहे तिकडे आपण बघतच नाही.

मी बघितले ते पुष्कळ वर्षांनी, ग्वाल्हेरात. एल.टी.सी. घेऊन गोवा एक्सप्रेसने गेलो होतो. किल्ला बघितला, मानसिंहाचा महाल बघितला, सुंदर आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला जास्त गुंतवले ते खालच्या शहराने. त्या शहराचे नावच लश्कर! १८१० साली दौलतरावाने आपला तळ इथे दिला, आणि तळ उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार. एका भागाला आजही ‘शिंदे की छावनी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘कंपू’. रिक्षावाल्याच्या तोंडी ‘कंपू’ ऐकले आणि हसू आले. आपण ऑफिसात म्हणतो ना, ‘त्यांचा कंपू वेगळा’? शिंद्यांच्या पदरी द बॉयन या फिरंगी सरदाराने तयार केलेल्या कवायती पलटणी त्या कंपू. शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘कांपो’कडे नेतात. म्हणजे आमच्याकडूनच गेला म्हणा की!

पण ग्वाल्हेरच्या दौलतीत आमच्याकडून नुसता शब्दच गेला नव्हता. परत आल्यावर नारो व्यंकटेश राजाध्यक्षांनी लिहिलेले जिवबादादा बक्षींचे जुने चरित्र मिळवून वाचले. जिवबादादा मूळचे केरकर, पेडण्यातल्या केरीचे. पेडणे तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते, ते १७८८ मध्ये गेले, त्याआधी सावंतवाडीकरांचे. आणि सावंतवाडीच्या खेम सावंतांना जयाप्पा शिंद्यांची मुलगी दिलेली, लग्न १७६३ चे. तेव्हा आमच्या लोकांना शिंद्यांचे दार अगदीच अनोळखी नसणार.

महादजींच्या उत्तरेतल्या मोहिमांत जिवबादादांचे नाव सारखे येते. १७९० साली मेडत्याला राठोडांशी झालेल्या लढाईत ते आहेत, १७९३ साली लाखेरीला होळकरांविरुद्ध आहेत. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला गेले. त्यानंतर वर्षभराने खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंद्यांची फौज चालवली ती याच केरकरांनी. ‘बक्षी’ हा मुळात फौजेच्या पगाराचा आणि हिशेबाचा हुद्दा. पगारबिले तपासण्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून किती बरे वाटले म्हणून सांगू! (आमच्या बिलांवर घोडदळ नसते, एवढाच काय तो फरक.)

१७९६ मध्ये जिवबादादा वारले आणि दिवस फिरले. दौलतरावाचे आणि महादजींच्या विधवा बायांचे बिनसले. बायांच्या बाजूने उभे राहिले ते बरेचसे शेणवी सरदारच, त्यांत पुढे लखबादादा लाड. याच भाऊबंदकीत बाळोबातात्या पागनीस कैदेत गेले. जिवबादादांच्या घरातल्या नारायणराव बक्षीला अंगाला अग्निबाण बांधून उडवून दिले, ही शिक्षा सर्जेराव घाटग्याची. १८०१ साली दतियाजवळ सेवढ्याला पेराँच्या पलटणींनी बायांची फौज मोडली, आणि लखबादादांचा जोर संपला. शिंद्यांनी शिंद्यांचेच हात तोडले म्हणायचे. त्याच साली उज्जैनला यशवंतरावाने शिंद्यांची फौज हरवली, आणि पुढल्या वर्षी हडपसर.

म्हणजे बघा, कंदिलाच्या उजेडात मी ज्या विजयावर टाळ्या पिटत होतो, तो सोपा करायला आमच्याच माणसांचे मरण कारणी लागले होते. जिवबादादांनी उभे केलेले माणूसबळ शिल्लक असते तर हडपसरला काय झाले असते? असले प्रश्न इतिहासाचे प्राध्यापक विचारू देत नाहीत. कारकुनाला कोण अडवणार?

आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, गोमंतकीयाच्या हातात टाळ-मृदंग शोभतो, तलवार नव्हे. मीही ती लहानपणापासून गिळली. मराठी ऐतिहासिक कादंबरीवर मी वाढलो, तिचा कधीच उतराई होणार नाही, पण मी वाचलेल्या कादंबऱ्यांत पेडण्याचा माणूस पंचवीस-तीस हजारांच्या फौजांमधून वावरताना मला भेटला नाही. सर्जेरावाचा राग मला पूर्वीही यायचा, विठोजीसाठी. आता नारायणरावासाठी येतो.

मागच्या पावसाळ्यात ‘झुंज’ पुन्हा काढली. अजूनही हातातून सुटत नाही. यशवंतराव तितकाच आवडतो. फक्त हडपसरच्या प्रकरणाशी आलो तेव्हा पुस्तक मिटून ठेवले, चहा केला, आणि मग शिंद्यांच्या गोटात कोण कोण उभे असेल त्यांचे चेहरे आठवीत पुढे वाचायला घेतले.