घरचे काम आणि कारागिरीचा मोबदला : बदलापूर–बारवी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

घरात कोणी वायरमन, गवंडी, वकील, डॉक्टर किंवा शिक्षक असेल, तर त्याने नात्यातल्या माणसांकडून आपल्या कामाचे पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न आज घरोघरी उपस्थित होतो. प्राध्यापकवर्गाला तो फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. जून महिना उजाडला की भाचे-पुतण्यांचे प्रवेशअर्ज, त्यांच्या शिकवण्या, कोणा दूरच्या काकांचा कचेरीत द्यावयाचा इंग्रजी अर्ज ही कामे आपल्याकडे आपसूक चालत येतात. त्यांचा मेहनताना कोणी देऊ करीत नाही आणि आपणही मागत नाही. मागितला तर ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य ऐकावे लागते.

पूर्वी नेमके कसे होते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी बदलापूर, अंबरनाथ आणि बारवी नदीचे खोरे हा परिसर नजरेसमोर ठेवला आहे. बदलापूरची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. न्यायखात्यातील नोकरीनंतर येथे वास्तव्य करणारे ना. गो. चापेकर (१८६९-१९६८) यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीतील ग्रामाभ्यासाच्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. एका गावातले लोक काय करतात आणि कशावर जगतात, हे पंचांग पाहावे तितक्या बारकाईने पाहण्याची सवय त्यामुळे मराठी वाचकाला लागली. एकाच गावाकडे निरखून पाहिल्यास मोठा प्रश्न कळतो, हा धडा त्या ग्रंथाचा आहे. येथे तोच गिरवला आहे.

जातीचे कसब आणि ‘मामा’ ही हाक

बलुतेपद्धतीचे सर्वांत परखड वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात आढळते. त्यांच्यासमोर मुख्यतः देशावरचे गाव होते. कोकणपट्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यातही, बलुत्याची घडी तितकी घट्ट नव्हती. तरीही तत्त्व एकच होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर शेतकऱ्याचे काम करावयाचे आणि सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा न्यावयाचा. कामागणिक दर नव्हता. नांगराचा फाळ शेवटणे, औताची दुरुस्ती करणे ही कामे बलुत्यात मोडत. नवी गाडी किंवा घराचे नवे लाकूडकाम निघाले, तर त्याचा मोबदला निराळा ठरे. मोडलेले सांधण्यास दर नाही आणि नवे घडविण्यास आहे, ही सीमारेषा चांगलीच व्यवहारी म्हणावी लागेल.

या व्यवस्थेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सुताराचे सगेसोयरे सुतारच असत. त्याचा भाऊ, मेहुणा, व्याही या सर्वांच्या हाती तोच वाकस आणि तेच पटाशी-रंधे होते. भावाने भावाकडून औत सांधून घेण्याचा प्रसंगच क्वचित येत असे. कसब जातीत बांधलेले होते आणि विवाहही जातीत होत. त्यामुळे ज्याच्याशी नाते, त्याच्याशी कसबाचा व्यवहार नाही. आणि ज्याच्याशी कसबाचा व्यवहार, त्याच्याशी नाते नाही, अशी ही मांडणी होती. भाऊबंदांत तंटे होत, पण ते वतनाच्या वाट्यावरून आणि पाळीवरून. मजुरीवरून नव्हेत. तेव्हा ‘पूर्वी आपल्या माणसांकडून पैसे घेत नसत’ या वाक्यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. घेण्याचा प्रसंगच येत नव्हता. प्रश्न आपण समजतो तितका जुना नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

याच्या उलट घडत असे ते अधिक बोलके आहे. ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही अशा कारागिराला गाव नात्याची हाक मारी. सुतारमामा, कुंभारकाका ही संबोधने आजही कानांवर पडतात. या हाकेत जिव्हाळा होता हे नाकारता येणार नाही. परंतु जिव्हाळ्याबरोबर तिच्यात एक सोयही होती. मामाकडे दर विचारावयाचा नसतो आणि मामानेही तो सांगावयाचा नसतो. खळ्यावर किती पेंढ्या पडतील हे शेवटी कुणब्याच्या हाती राही.

ही सोय कोणाला आणि तिची किंमत कोणाला, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आणला. महार वतनासंबंधी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणाऱ्या त्यांच्या विधेयकात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती रक्कम गावाच्या मर्जीवर न सोडता सरकारी वसुलीबरोबर गोळा करावी, अशी योजना होती. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. तथापि त्यातला विचार या विषयाच्या मुळाशी जातो. ज्याला ‘आपलेपणाचा व्यवहार’ म्हणतात, त्यात दुबळ्या पक्षाला हिशेब मागता येत नाही. हिशेब मागण्याची सोय हीच त्याची मुक्ती ठरू शकते. समाजोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्यांनी नाहीशी झाली.

बरोबरीच्या माणसांत मात्र हिशेब होता आणि तो चोख होता. सावड, इर्जिक, डोंगराळ पट्ट्यातील पडकई या साऱ्या परस्परश्रमाच्या रीती. सावडीत आज तुझ्या शेतावर दोन माणसे, परवा माझ्या शेतावर दोन. इर्जिकीत यजमानाने जेवण घालावयाचे. पैसा नाही म्हणून हिशेब नाही, असे येथे कोणी समजत नसे. फेड न करणाऱ्याच्या लावणीला पुढल्या वर्षी कोणी फिरकत नसे.

विद्याधन कोणाचे?

कसब जातीतून सुटून व्यक्तीच्या हाती आले, तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास आला. एका घरात एक भाऊ शेती करतो आणि दुसरा वकील होतो, ही परिस्थिती एकोणिसाव्या शतकात निर्माण झाली. ती प्रथम घराच्या ओसरीवर नव्हे, तर न्यायालयात पोहोचली.

याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की, वडिलार्जित द्रव्याला धक्का न लावता एखाद्याने जे स्वतः मिळविले, त्यात भावांचा वाटा नाही. विद्येने मिळविलेले धन, म्हणजे विद्याधन, याच वर्गात येते. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने ‘धक्का न लावता’ या अटीवर भर दिला. उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखालाही न्यायालये विशेष मान देत. या अटीतून तंटे निघाले. मुलाच्या शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबाने केला असेल, तर त्या शिक्षणावर मिळविलेला पैसा कोणाचा? मद्रास उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये कुटुंबाच्या खर्चाने नृत्य शिकलेल्या कलावंतिणीची कमाई कुटुंबाची ठरविली. मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष्मण मयाराम विरुद्ध जमनाबाई (१८८२) या प्रकरणात अधिक उदार भूमिका घेतली. कुटुंबाने दिलेले जुजबी शिक्षण म्हणजे शास्त्रातली ‘विद्या’ नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. मग जुजबी कोणते आणि विशेष कोणते, याचा खल सुरू झाला. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकलचंद विरुद्ध हुकुमचंद या खटल्यात उच्च सनदी नोकरीतील कमाई विभाज्य मानली, कारण त्या नोकरीसाठी लागणारे विशेष शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले होते.

या निर्णयाने सुशिक्षित वर्गात अस्वस्थता पसरली असल्यास नवल नाही. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती विधिमंडळात झालेला १९३० चा हिंदू विद्याधन कायदा हे त्यावरील उत्तर होय. शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले किंवा शिकताना कुटुंबाने पोसले, एवढ्याच कारणाने कमाई कुटुंबाची ठरणार नाही, असे त्याने सांगितले. त्यातील ‘विद्या’ शब्दाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्राथमिक, तांत्रिक, शास्त्रीय असे कोणतेही शिक्षण आणि उपजीविकेसाठी दिलेले कोणतेही प्रशिक्षण तिच्यात येते. म्हणजे वकिलांसाठी मागितलेल्या कायद्याने लोहार आणि वायरमन यांचीही सोय करून ठेवली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था उघडू लागल्या. तेव्हा अंबरनाथच्या संस्थेत शिकून कारखान्यात लागणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचा पगार हा कायद्याने त्याचा स्वतःचा होता. घरी तसे कोणी त्याला सांगितले असेल, असे मात्र वाटत नाही.

उंबऱ्याच्या आत

कसबी माणूस घराबाहेर जे मिळवितो ते त्याचे, असे १९३० च्या कायद्याने ठरविले. घरातल्या माणसासाठी, घरातल्या धंद्यात तो जे काम करतो, त्याचे काय? स्वातंत्र्योत्तर कामगार कायद्यांनी येथे जाणूनबुजून पाऊल मागे घेतले. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात, मालकाजवळ राहणाऱ्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबीयास द्यावयाच्या वेतनाला तो कायदा लागू नाही, अशी तरतूद होती. त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाने राज्य सरकारला लहान कामठिकाणांनाही कायदा लावण्याचा अधिकार दिला. परंतु मालक केवळ कुटुंबीयांच्या साहाय्याने काम चालवीत असेल, ते ठिकाण वगळले. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये नावारूपास आलेल्या उल्हासनगरात घरगुती कारखानदारीचे जाळे किती दाट आहे, हे या परिसरातील वाचकांना ठाऊक आहे. शिलाई, काजबटण, जुळणी, वेष्टन अशी कामे अशा कारखानदारीत घरातल्या हातांनी होतात. त्या हातांत बायकांचे हात किती, याची मोजदाद वेतनाच्या वहीत होत नाही.

कायद्याचा हेतू वाईट होता असे नव्हे. बाप-लेकांच्या मध्ये निरीक्षक नको, ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु परिणाम असा झाला की, उंबऱ्याबाहेर कसबाला दर मिळाला आणि उंबऱ्याच्या आत मौन राहिले. हे मौन शक्यतो मुलीच्या, सुनेच्या आणि धाकट्या भावाच्या वाट्यास आले. थोरल्याच्या नव्हे. गृहिणीच्या श्रमाचे मोल पैशात करावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात आग्रहाने मांडले. पण ते अपघातात गृहिणी दगावल्यानंतरच्या नुकसानभरपाईसाठी. ती हयात असेपर्यंत तसा हिशेब कोणी करीत नाही.

बारवीच्या काठी

बारवी ही उल्हास खोऱ्यातील नदी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तिच्यावर बांधलेले धरण १९७२ पासून उभे आहे. त्याची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. येथील पाण्यावर ठाणे जिल्ह्यातील कारखाने आणि उल्हासनगरसह अनेक शहरे चालतात. अंबरनाथ व मुरबाड तालुक्यांतील कुणबी व आदिवासी कुटुंबांच्या जमिनी आणि पाडे या पाण्याखाली गेले.

भूसंपादनाचा १८९४ चा कायदा जमीन, घर, झाडे, उभे पीक यांची किंमत धरीत असे. सावड कोणाशी होती, लावणीला कोण येई, घर शाकारताना कोणाचे हात लागत, यांना त्यात रकाना नव्हता. भूमिहीन कारागिराचा उल्लेख बाधित कुटुंबाच्या व्याख्येत येण्यास २०१३ चा कायदा उजाडावा लागला. ज्या शेजारात न बोलता फेड होत असे, तो शेजार पांगला म्हणजे फेडीचा हिशेबही संपतो. मग घर बांधताना गवंडी पुतण्याला पैसे द्यावे लागतात किंवा त्याला फुकट राबवावे लागते. तिसरा मार्ग होता, तो पाण्याखाली गेला.

अलीकडच्या उंचीवाढीच्या वेळी बाधितांसाठी आणखी एक मार्ग काढण्यात आला. पाणी घेणाऱ्या नागरी संस्थांत किंवा महामंडळात बाधित कुटुंबातील एकास नोकरी. येथे इतिहास मोठ्या विचित्र वळणाने परत येतो. जमीन सर्व भावांची होती. नोकरी एकाच्या नावे होते आणि पगारही त्याच्याच खात्यात जमा होतो. १९३० च्या कायद्याचा आधार त्याला घेता येईल काय? ही नोकरी विद्येने मिळालेली नाही, ती वडिलार्जित जमीन बुडाल्यामुळे मिळाली आहे. याज्ञवल्क्याच्या भाषेत बोलावयाचे तर येथे पितृद्रव्याला धक्काच नव्हे, तर त्याचा संपूर्ण लोप झाला आहे. जुन्या तत्त्वाने पाहिल्यास त्या पगारात भावांचा, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही, वाटा मागता येईल. नव्या रिवाजाने पाहिल्यास पगार म्हणजे ज्याचा घाम त्याचा पैसा. दोन्ही बाजूंस न्याय आहे. प्रस्तुत लेखकाचा कल पहिल्या बाजूकडे झुकतो, परंतु रोज सकाळची गाडी पकडून कामावर जाणाऱ्या त्या एका भावाला तो पटेल, असा भरवसा देता येत नाही. नोकरी मिळालेल्याने बाकीच्यांना दरमहा काय द्यावयाचे, हे शासनाच्या आदेशावर सोडता येण्याजोगे नाही. ते घराघरांत, बहुधा गणपतीत किंवा शिमग्याला सर्व भाऊ एकत्र जमतात तेव्हा, ठरवावे लागते.