कल्याणच्या आनंदीबाई आणि परदेशातले ताट

१/ चिनी पर्यटक परदेशी जाताना इन्स्टंट नूडल्स सोबत नेतात. ठाणे-डोंबिवलीकरांच्या बॅगेत मेतकूट आणि भाकरवडी असते. आज हा चवीचा प्रश्न आहे. १८८३ साली कल्याणच्या एका तरुणीसाठी तो जात राहण्याचा वा जाण्याचा प्रश्न होता.

२/ आनंदीबाई जोशी, वय १८. वैद्यकी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस निघाल्या. समुद्रगमन आधीच निषिद्ध. त्यात परधर्मीयांच्या घरचे अन्न म्हणजे बहिष्काराला आमंत्रणच.

३/ निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. आहार, पोशाख बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, अशी ग्वाही दिली.

४/ न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आसरा दिला. पुढे फिलाडेल्फियाच्या कडाक्याच्या थंडीत, प्रकृती ढासळत असतानाही त्या शाकाहारीच राहिल्या.

५/ ११ मार्च १८८६ रोजी पदवी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने मृत्यू. वय अवघे २१.

६/ या व्रताला निव्वळ कर्मठपणा म्हणणे मला अपुरे वाटते. 'शिकायला गेली आणि बाटली' एवढे एक वाक्य मागून येणाऱ्या मुलींची वाट अडवण्यास पुरेसे होते. ते उच्चारण्याची संधी आनंदीबाईंनी कोणालाच दिली नाही.