समावेशित शिक्षण निधी (आबिड्स, हैदराबाद)

सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र आणि राज्य मिळून देत असलेला निधी. आबिड्स परिसरात खासगी व मिशनरी शाळा बऱ्याच. विनाअनुदानित शाळांना हा पैसा मिळत नाही. लगतच्या गनफाउंड्रीतील आलिया, महबूबिया या जुन्या सरकारी शाळा मात्र त्याच्या कक्षेत येतात.

१९७४ साली केंद्राच्या समाजकल्याण खात्याने एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. १९८२ मध्ये ती शिक्षण खात्याकडे गेली. मधल्या काळात सर्व शिक्षा अभियान आले आणि २०१८ पासून हा खर्च ‘समग्र शिक्षा’तून होतो. तेलंगणात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. दर विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. त्यातच उपकरणे, ब्रेल व मोठ्या अक्षरांची पुस्तके, प्रवासभत्ता, सोबत येणाऱ्या पालकाचा भत्ता हे सगळे बसवायचे. महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत. रोज रिक्षाने शाळेत न्यावे लागणाऱ्या मुलाचे आठवड्याचे भाडेही त्यात भागणे कठीण. मुलींना याशिवाय दरमहा २०० रुपये, वर्षातले दहा महिने. योजनेच्या २०२१–२६ या टप्प्यातही दर वाढला नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष.

निधीचे प्रत्यक्ष रूप दिसते ते ‘भविता’ केंद्रांत. बहुधा सरकारी शाळेच्याच आवारातली एखादी खोली, चालण्याच्या सरावासाठी समांतर दांड्या, ठोकळे, आणि ठरल्या दिवशी येणारा फिजिओथेरपिस्ट. घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलांकडे विशेष शिक्षक स्वतः जातात.

या शिक्षकांचे मानधन वेगळ्या शीर्षाखाली मिळते, पण नेमणूक वर्षानुवर्षे कंत्राटीच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० व त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, शाळासमूहांच्या केंद्रस्तरावर ४,८६० पदे निर्माण केली होती. भत्ता थोडा वाढण्यापेक्षा कायम शिक्षक मिळणे मुलाच्या अधिक उपयोगाचे आहे.

निधीच्या मंजुरीचा हिशेब ‘यू-डायस’ या शालेय माहितीप्रणालीतील नोंदीवर होतो. म्हणून पालकांनी प्रवेशाच्या वेळीच मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद मुख्याध्यापकांकडून करून घ्यावी.