मुंगो मार्टिन : बंदीच्या काळातला मुखवटेकार

इतिहासाच्या व्याख्यानात राजे आणि सेनापती भेटतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र एका लाकूड कोरणाऱ्याची हकिकत सांगणार आहोत, तीही पॅसिफिक महासागराच्या पलीकडल्या किनाऱ्यावरची. आमचे शालेय शिक्षण चौथीत आटोपले. पुढचे सारे कामगारवस्तीतल्या मोफत वाचनालयात झाले. तेथेच या माणसाशी आमची ओळख झाली. आमचे आयुष्य कामगारांत गेले, त्यामुळे असेल, पण त्यांच्यातला थोर कलावंत दिसण्याआधी आम्हांला दिसला तो काम हिरावून घेतलेला कारागीर.

कॅनडाच्या पश्चिमेस व्हॅन्कूव्हर बेट आहे. त्याच्या उत्तर भागात आणि समोरच्या किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले. फोर्ट रूपर्ट गावी १८८० च्या सुमारास मुंगो मार्टिन यांचा जन्म झाला. मूल कारागीर निघावे म्हणून तान्हेपणी त्यांच्या पापण्यांचे केस उपटून त्यांचा रंगाचा कुंचला बनवला होता, असे सांगतात. पुढे कसब मिळाले ते मात्र घरातच. सावत्र वडील चार्ली जेम्स हे नामांकित कोरणारे होते. त्यांच्या हाताखाली मार्टिन शिकले.

हे काम कसे चाले? सीडारचे हलके, सरळ रेषांचे लाकूड घ्यायचे, वाकसाने तासायचे, वाकड्या पात्याच्या सुरीने आतून पोखरायचे. पक्ष्याच्या मुखवट्याला हातभर लांब चोच, चोचीला बिजागरी, बिजागरीला दोरी. शेकोटीच्या उजेडात नाचणारा दोरी ओढी आणि चोच खाडकन मिटे. काही मुखवटे तर नाचता नाचता दुभंगत व आतून दुसराच चेहरा बाहेर येई. म्हणजे हा मुखवटा भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हे. नाच, गाणे आणि अंधार यांच्याविना तो अर्धाच.

शिवाय तो कोणीही कोणासाठी करावा असेही नव्हते. नाव, गाणे, नाच आणि मुखवटा ही त्या त्या घराण्याची वडिलोपार्जित मालमत्ता. लग्न, नामकरण, मृत्यू अशा प्रसंगी पॉटलॅच नावाचा समारंभ होई. यजमान आपला हक्क सर्वांसमक्ष मांडी आणि जमलेल्यांना घोंगड्या, भांडी, पैसा वाटी. ही नुसती खैरात नव्हती. ती साक्षीदारांची दक्षिणा होती. ज्यांच्याकडे लेखी दस्तऐवज नव्हते, त्यांचे हे नोंदणी-कार्यालयच म्हणा ना!

संपत्ती साठवण्याऐवजी वाटून टाकणारे लोक मिशनऱ्यांच्या आणि सरकारी अंमलदारांच्या डोळ्यांत सलले. १८८४ मध्ये कॅनडाच्या संसदेने कायदा करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला. पुढल्या वर्षापासून तो अमलात आला. लोक चोरून समारंभ करीत राहिले. १९२१ च्या नाताळात व्हिलेज आयलंड येथे डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. खटले झाले. लोकांपुढे तोड ठेवली गेली : मुखवटे व इतर सामान सरकारच्या स्वाधीन करा, म्हणजे शिक्षा तहकूब होईल. अनेकांनी सामान दिले. तरीही वीस जण तुरुंगात गेले. शेकडो वस्तू ओटावा, टोरांटो येथील संग्रहालयांत पोचल्या, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकल्या गेल्या.

ज्या वस्तूची गरज समारंभाला, तो समारंभच गुन्हा ठरला, तर ती घडवणाऱ्याने खावे काय? मार्टिन यांनी अनेक वर्षे मासेमारीवर पोट भरले. आमच्या चळवळीतला एक प्रसंग येथे आठवतो. लांबलेल्या संपात एका सुताराने हत्यारांची पेटी गहाण टाकली. आम्ही हळहळलो, तेव्हा तो म्हणाला, "हत्यारे गेली तरी हात आहेत. पण हातांना काम मिळाले नाही, तर हातही विसरतात." मार्टिन यांचे हात विसरले नाहीत, हाच त्यांच्या चरित्रातला मोठा पराक्रम.

सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९४९ च्या सुमारास, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने त्यांना जुने कोरीव स्तंभ दुरुस्त करण्यास बोलावले. १९५१ मध्ये कायद्यातून पॉटलॅच-बंदीचे कलम वगळले गेले. १९५२ पासून ते व्हिक्टोरियाच्या प्रांतिक संग्रहालयात पगारावर कोरू लागले. तेथे त्यांनी आपल्या परंपरेचे मोठे लाकडी घर उभारले आणि १९५३ च्या डिसेंबरात त्याच घरात बंदीनंतरचा पहिला उघड पॉटलॅच केला. कोरणे आणि गाणे त्यांना वेगळे ठाऊकच नव्हते. शंभराहून अधिक गाणी त्यांनी ध्वनिमुद्रणासाठी गाऊन ठेवली.

पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम लाकडात नव्हे, उमेदवारांत आहे. मुलगा डेव्हिड, हेन्री हंट व त्यांचा मुलगा टोनी यांना त्यांनी शिकवले. १९५९ मध्ये डेव्हिड बुडून मरण पावला. म्हाताऱ्याने तेही सोसले. आणखी एक शिष्य होता डग क्रॅनमर, ज्यांच्या पॉटलॅचबद्दल माणसे तुरुंगात गेली त्या डॅन क्रॅनमर यांचा मुलगा. बापाच्या समारंभातले मुखवटे सरकारने नेले आणि मुलाच्या हाती मार्टिन यांनी वाकस दिला. इतिहासाचा न्याय कधी कधी असा सुताराच्या हातून होतो.

१९६२ मध्ये मार्टिन वारले. जप्त मुखवट्यांपैकी पुष्कळसे पुढे परत आले. त्यांच्यासाठी १९७९ मध्ये केप मज येथे आणि १९८० मध्ये अलर्ट बे येथे संग्रहालये उघडली. अलर्ट बेच्या संग्रहालयाचे नाव युमिस्टा. शत्रूच्या कैदेतून सुटून घरी आलेल्या माणसांसाठी हा शब्द वापरीत. तेथे ते मुखवटे काचेच्या कपाटात बंद केलेले नाहीत. एकदा कैद भोगली ती पुरे झाली.

श्रोतेहो, वस्तू परत मागता येते. त्यासाठी अर्ज, मोर्चा, कज्जा असे मार्ग असतात. कसब मात्र एकदा गेले की कोणत्याही सरकारला ते परत देता येत नाही. मुखवटे घरी आले तेव्हा ते कोरणारे, नाचवणारे, त्यांची गाणी म्हणणारे लोक हयात होते. ते हयात राहिले, याचे मोठे श्रेय जाळी ओढता ओढता वाकस न विसरलेल्या या एका मच्छीमाराकडे जाते.